आकाशांतलें विमान आणि जमिनीवरचे प्रेक्षक

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ सालीं निघाला. त्याच्या शेवटीं तुकोबा विमानांत बसून वैकुंठास जातात. तें दृश्य पडद्यावर येतांच थिएटरांत माणसें हात जोडीत, असें जुन्या पिढीचे लोक सांगत आले आहेत. विमान खरोखरीच उडालें काय, त्याचें यंत्र कोणतें, साक्षीदार कोण, असला वाद तेथें माजला नाहीं. त्यानंतर एकोणऐंशीं वर्षांनीं, ३० जानेवारी २०१५ रोजीं, 'हवाईजादा' नांवाचा हिंदी बोलपट प्रदर्शित झाला. त्यांतही एक मराठी मनुष्य विमानानें आकाशांत जातो. परंतु या खेपेस प्रेक्षकांत उघड तट पडले. कोणी टाळ्या दिल्या, कोणी अर्ध्यावरच कंटाळले, आणि कोणी हा इतिहासाशीं केलेला द्रोह आहे असें म्हणून संतापले. एकच गोष्ट पाहून माणसें इतकीं निरनिराळीं कां बोलूं लागतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही विचारांत घेण्याजोगा आहे. कारण त्या वादांत बोलपटाच्या यशापयशापेक्षां मोलाची अशी एक वस्तु अडकली आहे, आणि ती म्हणजे एका दिवंगत मनुष्याचा लौकिक.

तो मनुष्य म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. त्यांचा जन्म १८६४ सालीं मुंबईंत, चिराबाजारांत, पाठारे प्रभु ज्ञातींत झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेंत ते शिकले व पुढें तेथेंच शिकवूंही लागले. संस्कृताची त्यांना गोडी होती. स्वामी दयानंदांच्या वेदविषयक लेखनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि वेदांत विमानविद्या आहे, ती आपणांस पुन्हा हस्तगत करितां येईल, या विचारानें त्यांना झपाटलें. त्या नादांतच त्यांनीं यंत्रें रचण्याचे प्रयोग केले. १९१६ सालीं ते वारले.

त्यांच्याविषयीं जी कथा सांगतात ती अशी. १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनीं 'मरुत्सखा' नांवाचें यंत्र उडविलें. त्यांत मनुष्य बसलेला नव्हता. तें सुमारें १५०० फूट उंच चढलें आणि मग खालीं पडलें. पाहणाऱ्या मंडळींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड होते, आणि 'केसरी'नें ही वार्ता छापली. अमेरिकेंतील राइट बंधूंचें विमान १९०३ सालच्या डिसेंबरांत उडालें. म्हणजे ही कथा खरी असेल तर आमचा मुंबईकर त्यांच्याही आधीं आठ वर्षें आकाशास हात लावून आला होता. असें ऐकून कोणाचें मन उचंबळणार नाहीं?

दिग्दर्शक विभु पुरी यांनीं ही कथा घेतली व तिला भरपूर रंग दिला. तळपद्यांची भूमिका आयुष्मान खुराना यांनीं केली. त्यांचे गुरु म्हणून एक विक्षिप्त शास्त्रीबोवा आहेत, ते मिथुन चक्रवर्ती. रंगभूमीवर नाचगाणें करणारी एक नायिका आहे, ती पल्लवी शारदा. प्रेम आहे, गाणीं आहेत, परकीय सरकारचा जुलूम आहे. दंतकथेंतलें यंत्र रिकामेंच वर गेलें होतें. बोलपटानें त्यांत नायकासच बसवून उडविलें. बोलपटास योगही असा जमून आला कीं, अवघ्या चार आठवड्यांपूर्वीं, ४ जानेवारी २०१५ रोजीं, मुंबईंत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान परिषदेंत संस्कृतांतील प्राचीन शास्त्रें या विषयावर एक सत्र झालें, आणि त्यांत प्राचीन विमानविद्येवर कॅप्टन आनंद बोडस व अमेय जाधव यांचा निबंध वाचला गेला. असल्या निबंधास परिषदेंत स्थान देऊं नये, असा पुकारा कित्येक शास्त्रज्ञांनीं आधींच केला होता. वृत्तपत्रें त्या वादानें भरलीं होतीं. तो धुरळा खालीं बसण्याच्या आंतच हा बोलपट आला. त्यामुळें पुष्कळ प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वींच कोणत्या बाजूस बसावयाचें तें ठरवून गेले होते.

बोलपट म्हणून त्याचें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. जुन्या मुंबईचा देखावा अनेकांस आवडला. लांबी, गाणीं आणि ओढून ताणून आणलेलें नाट्य बहुतेक परीक्षकांस रुचलें नाहीं. धंद्याच्या दृष्टीनें तो चालला नाहीं. इतपत मतभेद प्रत्येक बोलपटाविषयीं होतो, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. खरी गुंतागुंत निराळीच होती. ज्यास बोलपट आवडला त्यानें तळपद्यांचें विमान उडालें असेंच गृहीत धरिलें. आणि विमान उडालें नाहीं अशी ज्याची खात्री होती त्यानें बोलपटाबरोबर तळपद्यांचीही थट्टा केली. बोलपट चांगला आहे काय, विमान उडालें काय, आणि तळपदे हे आदरास पात्र आहेत काय, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. परंतु थिएटरांतून बाहेर पडणाऱ्या माणसांनीं त्यांचें एकच गाठोडें बांधिलें. मग एकाचें उत्तर दुसऱ्याच्या अंगावर फेंकण्यास उशीर तो काय?

यांतील मधला प्रश्न आधीं पाहूं. कारण पुराव्यानें सुटण्याजोगा तेवढाच आहे.

तळपद्यांच्या उड्डाणाची हकीकत आपणांस जी मिळते ती पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेल्या लेखांतून मिळते. यंत्राचें छायाचित्र नाहीं, आराखडा नाहीं, मोडकातोडका अवशेष नाहीं. रानडे किंवा सयाजीराव यांच्या हातचा शब्द कोणीं दाखविलेला नाहीं. 'केसरी'च्या वृत्ताचा उल्लेख प्रत्येक जण करितो, परंतु अंकाची तारीख घालून तें वृत्त सर्वांच्या समोर कोणीं मांडलेलें नाहीं. छायाचित्रकला तेव्हां मुंबईंत नवी राहिली नव्हती, आणि तळपदे तर कलाशाळेंतले गृहस्थ होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते.

बरें, त्यांनीं कोणत्या ग्रंथाच्या आधारें यंत्र रचलें? येथें पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचें नांव पुढें येतें. बोलपटांतले शास्त्रीबोवा ते हेच. तो ग्रंथ भारद्वाज ऋषींचा असून आपणांस अंतर्ज्ञानानें स्फुरला, असें शास्त्रीबोवा म्हणत. त्यांनीं तो १९१८ ते १९२३ या काळांत सांगितला व दुसऱ्यानें लिहून घेतला. म्हणजे जें पुस्तक १८९५ च्या प्रयोगाचा आधार म्हणून दाखवितात, तें त्या प्रयोगानंतर तेवीस वर्षांनीं कागदावर उतरूं लागलें. त्यांतील विमानांच्या आकृति बंगळूरच्या एका आरेखकानें १९२३ सालीं काढल्या. पुढें १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं या ग्रंथाची बारकाईनें तपासणी केली. भाषा वैदिक नसून अर्वाचीन संस्कृत आहे, ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वींचा असूं शकत नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उड्डाणाच्या नियमांस सोडून असल्यामुळें उडूं शकणार नाहींत, असा त्यांनीं निर्वाळा दिला. यंत्रशास्त्र जाणणाऱ्यांनीं, आकडे मांडून, दिलेला हा निर्वाळा आहे. त्यास उत्तर द्यावयाचें तर तेंही आकड्यांनींच दिलें पाहिजे.

पाऱ्याची गोष्ट तर फारच प्रिय झालेली आहे. तळपद्यांचें यंत्र पाऱ्याच्या शक्तीनें उडालें, असें सांगण्यांत येतें. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड. तो ३५७ अंश सेंटिग्रेडला उकळतो. त्याची वाफ विषारी. आणि घासलेट किंवा कोळसा जळून जशी शक्ति देतो तसा पारा जळत नाहीं. यावर कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, अमेरिकेनें पाऱ्यावर चालणारें यंत्र अंतराळांत नेलें होतें त्याचें काय? नेलें होतें खरें. १९६४ सालीं तें अर्ध्या तासाहून किंचित् अधिक वेळ चाललें. पाऱ्याच्या कणांवर विद्युद्भार चढवून ते वेगानें मागें फेंकावयाचे, म्हणजे यान पुढें सरकतें, अशी त्याची युक्ति. परंतु त्याचा एकंदर जोर चार-पांच ग्रॅमचें वजन तोलून धरण्याइतकाही नव्हता. निर्वात अंतराळांत तेवढाही उपयोगी पडतो. चौपाटीच्या वाळूवरून एखादी पत्रावळसुद्धां त्यानें उचलली नसती.

याच्या शेजारीं एक खरें उदाहरण ठेवून पाहा. अमेरिकेंत सॅम्युएल लँग्ली नांवाचे ज्योतिर्विद होते. त्यांनीं ६ मे १८९६ रोजीं, म्हणजे तळपद्यांच्या कथेनंतर वर्षाच्या आसपास, पोटोमॅक नदीवर एक मनुष्यरहित यंत्र उडविलें. त्याचें वजन सुमारें ११ किलो, पंखांचा पसारा चौदा फुटांजवळ, आणि पोटांत वाफेचें चिमुकलें एंजिन. नदींत नांगरलेल्या एका घरनौकेवरून तें सोडलें आणि तें ३३०० फूट लांब गेलें. पाहण्यास टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल जातीनें हजर होते, आणि त्यांनीं त्याचें छायाचित्र घेतलें. यंत्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे. दोन्ही गोष्टी जवळजवळ जुळ्या आहेत: काळ तोच, यंत्र रिकामें, साक्षीदार नामांकित. एकीला छायाचित्र आहे, लेख आहे, हातानें चाचपतां येईल असें यंत्र आहे. दुसरीला आपलें प्रेम आहे. प्रेमाला आम्ही कमी लेखीत नाहीं, पण तें पुराव्याच्या खात्यांत जमा करितां येत नाहीं.

तथापि असा मोह केवळ आम्हांसच होतो, असें मात्र कोणीं समजूं नये. याच लँग्ली साहेबांनीं पुढें माणूस वाहून नेणारें विमान केलें. तें १९०३ च्या ऑक्टोबरांत एकदां व डिसेंबरांत एकदां नदींत कोसळलें. दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनीं राइट बंधु यशस्वी झाले. पण लँग्ली हे स्मिथसोनियन या थोर संस्थेचे मुख्य होते. त्या संस्थेनें १९१४ सालीं तें बुडालेलें विमान बाहेर काढवून, त्यांत अनेक फेरफार करवून, कसेंबसें उडवून दाखविलें, आणि मनुष्यास घेऊन उडण्यास समर्थ असें पहिलें विमान हेंच, अशी पाटी त्याजवर लाविली. धाकटे राइट इतके दुखावले कीं, त्यांनीं आपलें मूळ विमान १९२८ सालीं लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवून दिलें. संस्थेनें खरी हकीकत १९४२ सालीं छापून प्रसिद्ध केली, तेव्हां ते निवळले. परंतु १९४८ सालीं विमान मायदेशीं परत आलें तें पाहण्यास ते हयात नव्हते. ब्राझील देशांत तर पहिलें विमान १९०६ सालीं पॅरिसांत उडालेलें सांतोस-द्युमों यांचें, असेंच मुलांस शिकवितात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनांत तें विमान उडतांना दाखविलें, तेव्हां त्या मैदानांत जयघोष झाला आणि अमेरिकेंत कपाळाला आंठ्या पडल्या. सांगावयाचें इतकेंच कीं, आपल्या माणसास पहिल्या पाटावर बसविण्याची हौस सर्व देशांत सारखीच असते.

आतां थोडें आपल्या गांवाकडे वळूं. केळशीच्या समुद्रकांठची वाळूची टेकडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती कोणत्या काळीं, कशी झाली, याजविषयींही मतभेद आहेत. डेक्कन कॉलेजचे संशोधक डॉ. अशोक मराठे यांनीं तिच्या थरांचा अभ्यास केला, आणि थरांत सांपडलेला कोळसा, खापऱ्या, जुनीं नाणीं यांवरून, मोठ्या समुद्रलाटेनें ही वाळू येथें आणून टाकिली असावी, असें मत मांडलें. १५२४ सालीं वास्को द गामाचें आरमार दाभोळच्या समुद्रांत असतां वारा नसतांना समुद्र खवळला, असें पोर्तुगीज ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे. त्याचाही आधार या मतास देण्यांत येतो. इतर कांहीं अभ्यासकांस तें मान्य नाहीं. वाऱ्यानें वर्षानुवर्षें वाळू सांठत गेली, असें ते म्हणतात. हाही वादच आहे. परंतु येथें दोन्ही पक्ष एकाच टेकडीपाशीं उभे राहतात, तीच वाळू मुठींत घेतात, त्याच नाण्याकडे बोट दाखवितात. उद्यां एखादें नवें नाणें निघालें तर एक पक्ष हरेल, आणि ज्ञान एक पाऊल पुढें जाईल. 'हवाईजादा'च्या वादांत वाळूच नव्हती. होता केवळ पडदा, आणि पडद्यावर ज्याला जें पाहिजे तें त्यास दिसलें.

कॅमेऱ्याचेंही तसेंच. मुंबईंत चालतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं, वॉटसन हॉटेलांत. पुढें पांच-साडेपांच वर्षांतच सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनीं आपल्या कॅमेऱ्यानें एका तरुणाचें बोटीवरून झालेलें आगमन टिपलें. तो तरुण केळशीहून फार दूर नसलेल्या मुर्डी गांवचा, केंब्रिजला १८९९ सालीं सीनियर रँग्लर झालेला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यांतील एका मुलाचा सन्मान हा आपल्या देशांतील अगदीं आरंभींच्या चित्रपटांचा विषय झाला, ही गोष्ट या भागांतील विद्यार्थ्यांस फारशी ठाऊक नसते. तिला ना गाण्यांची जोड लागली, ना नायिकेची.

मग चरित्रपटकारानें कल्पनेचा स्पर्शच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९ सालचा मराठी चित्रपट घ्या. त्यांत दादासाहेब फाळके आहेत, तेही जे. जे. स्कूलचेच विद्यार्थी, वयानें तळपद्यांहून सहा वर्षांनीं लहान, आणि त्यांचेंही वेड शेजाऱ्यापाजाऱ्यांना न समजणारें. मोकाशींनीं विनोदासाठीं प्रसंग रंगविले, संवाद रचले, आणि प्रेक्षक मनमुराद हंसले. परंतु ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतल्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' दाखविला गेला, याजबद्दल कोणी भांडला नाहीं. कारण फाळक्यांनीं आपली हकीकत स्वतः लिहून ठेविलेली आहे, आणि त्या मूळ चित्रपटाचा कांहीं भाग आजही पाहतां येतो. भिंत पक्की असली म्हणजे तिजवर कोणतेंही चित्र काढावें. 'संत तुकारामां'तील वैकुंठगमनाविषयीं वाद झाला नाहीं, त्याचें कारण आणखी निराळें. तेथें प्रेक्षक श्रद्धेनें बसला होता, आणि बोलपटानेंही त्यास श्रद्धेवांचून दुसरें कांहीं मागितलें नव्हतें. 'हवाईजादा'नें श्रद्धेचें मोल घेऊन इतिहासाची पावती दिली, आणि फसगत झाली ती तेथें.

या सर्वांत अन्याय कोणावर झाला असेल तर तो तळपद्यांवर. गुलामगिरीच्या काळांत, हातीं कारखाना नाहीं, सरकारचें साह्य नाहीं, अशा स्थितींत एका कलाशिक्षकानें उडण्याचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट विमान एक फूटही न उडालें तरी मोठी आहे. त्यांच्या ध्यासाची, त्यांच्या वाचनाची, त्यांच्या फसलेल्या प्रयोगांची साधी कथा कोणी सांगितली असती, तर दोन्ही तटांतले लोक ती शांतपणें ऐकत बसले असते. त्याऐवजीं त्यांच्या मस्तकावर १५०० फुटांचा मुकुट ठेवण्यांत आला. आणि मुकुट खोटा ठरतांच लोक मस्तकासच हंसूं लागले. शंका घेणारे सगळे स्वदेशाचे वैरी, असें म्हणणाऱ्यांस ही गोष्ट दिसली नाहीं. प्रभु ख्रिस्ताचा शिष्य थोमा यानें खिळ्यांचे व्रण प्रत्यक्ष पाहिल्यावांचून विश्वास ठेवण्याचें नाकारलें, तरी त्यास शिष्यांतून कोणीं घालवून दिलें नाहीं. उलट, हात पुढें कर आणि पाहा, असेंच प्रभूनें त्यास सांगितलें.

आणि हात पुढें करण्यास येथें अद्याप जागा आहे. 'केसरी' त्या काळीं पुण्याहून दर मंगळवारीं निघत असे. म्हणजे १८९५ सालचे अंक सारे मिळून बावन्न-त्रेपन्न. जुन्या अंकांच्या फायली पुण्यांतील ग्रंथालयांत जपलेल्या आहेत. मोडी शिकावयास नको, संस्कृत नको. लोकमान्यांच्या काळचें बाळबोध मराठी तेवढें वाचतां आलें पाहिजे. आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांतल्या दोघां-चौघां मुलांनीं मनावर घेतलें, आणि पालकांनीं एस्. टी. च्या भाड्याची सोय केली, तर एका मे महिन्याच्या सुटींत ते सर्व अंक वाचून होतील. चौपाटीची ती बातमी त्यांत सांपडली तर तारीख, पान व स्तंभ लिहून आणावा, आणि न सांपडली तर कोणते अंक पाहिले त्यांची यादी आणावी. दोहोंपैकीं जें हातीं येईल तें पुढील वर्षाच्या अंकांत छापण्याजोगें असेल.